तीन मित्र, तीन शनिवार-रविवार आणि मधली दक्षिण

प्रश्न थोडक्यात असा आहे. एडिसनचं (न्यू जर्सी) निवृत्त जोडपं, वय ६३ आणि ६०. कॉलेजातले तीन मित्र अमेरिकेच्या दक्षिणेत विखुरलेत: एक शार्लटला, एक अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरात, एक बॅटन रूजला. मार्च-एप्रिलमध्ये स्वतःच्या गाडीने निघून तिघांना भेटायचं आणि जाता जाता ऐतिहासिक दक्षिण बघायची. यादीत १९ ठिकाणं आहेत. नवऱ्याला यादवी युद्धाचा नाद, बायकोला बागांचा. दोघंही शाकाहारी. शेवटी विचारलंय, "प्लांटेशन (गुलामांच्या कष्टावर चाललेले जुने मळे) बघावीत का? ही म्हणते, त्या गोऱ्या-काळ्यांच्या भांडणाशी आपला काय संबंध? आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्यांना त्या भागात काही त्रास होतो का?"

मी अटलांटात राहते. आपल्या लोकांना दक्षिणेतल्या सहली आखून देणं आणि जमेल तिथे सोबत जाणं हे माझं कामच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी गाडीचं. ती घरीच ठेवा. एडिसन ते शार्लट सहाशे मैलांच्या वर आहे आणि न्यू ऑर्लिन्सहून परत यायला तेराशे. म्हणजे बघण्यासारखं काही सुरू व्हायच्या आधी एक दिवस आणि संपल्यावर दोन-तीन दिवस नुसता महामार्ग. त्यापेक्षा विमानाने शार्लटला उतरा, तिथे गाडी भाड्याने घ्या आणि न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर सोडा. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायचे जादा पैसे लागतात, कधी कधी अंगावर येतील इतके. पण तीन दिवसांचं पेट्रोल, हॉटेलं आणि कंबर यांचा हिशेब मांडला तर ते परवडतात. मधला रस्ता साधारण बाराशे-तेराशे मैलांचा होतो आणि एकाही दिवशी पाच तासांपेक्षा जास्त गाडी चालवावी लागत नाही.

आता मित्र. आपल्या लोकांच्या सहली अंतरामुळे बिघडत नाहीत, पाहुणचारामुळे बिघडतात. तुम्ही सकाळी आठला निघायचं ठरवलेलं असतं, यजमानीण पोहे टाकते, मग चहा, मग "आता जेवूनच जा की". मित्राला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही थांबता आणि दुपारी दोनला गाडीत बसता. तो दिवस गेला. म्हणून बघायचे दिवस आणि मित्रांचे दिवस एकमेकांत मिसळू नका. तीन मित्र आहेत, तर तीन शनिवार-रविवार त्यांना देऊन टाका. त्या दिवसांत काही बघायचं नाही, फक्त गप्पा, जेवण आणि त्यांच्या गावातल्या मराठी मंडळींची हजेरी. सोमवारी त्यांनाही ऑफिस असतं, तेव्हा निरोप आपोआप वेळेत होतो. चार्ल्स्टन, मॉन्टगोमेरी, नॅचेझ इथे मित्राच्या ओळखीचं कुणी निघालं तरी हॉटेलातच राहा. "अहो, घर असताना हॉटेल कशाला?" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. हसून सोडून द्या.

त्यानुसार सांगाडा असा बसतो. शुक्रवारी शार्लट. सोमवारी चार्ल्स्टन, तीन रात्री. गुरुवारी सव्हाना, दोन रात्री. शनिवारी अटलांटा, तीन रात्री. मंगळवारी मॉन्टगोमेरी, दोन रात्री. गुरुवारी सेल्मावरून विक्सबर्ग, शुक्रवारी नॅचेझ, शनिवारी संध्याकाळी बॅटन रूज. सोमवारी न्यू ऑर्लिन्स, बुधवारी विमान. मार्चच्या तिसऱ्या किंवा चौथ्या शुक्रवारी निघालात तर चार्ल्स्टन-सव्हानात अझेलियाच्या फुलांचा बहर मिळण्याची शक्यता उत्तम, आणि सव्हानातली १७ मार्चची सेंट पॅट्रिक्स डेची झुंबडही टळते. पाइनच्या पिवळ्या परागांनी मात्र गाडी हळद लागल्यासारखी होईल. ॲलर्जी असेल तर गोळ्या सोबत ठेवा.

तुमच्या १९ पैकी नॅशव्हिल, मेम्फिस, सेंट ऑगस्टीन आणि स्मोकी पर्वत मी सरळ कापले. वाईट आहेत म्हणून नाही. ते या वाटेवर नाहीत आणि ही वाट ज्या क्रमाने जाते त्या क्रमाला अर्थ आहे. गुलामांची जहाजं जिथे लागली त्या बंदरापासून सुरुवात, मग ज्यावर पैसा उभा राहिला ती भाताची आणि कापसाची शेतं, मग युद्ध, मग शंभर वर्षांनी मतदानाच्या हक्कासाठी चाललेली माणसं, आणि शेवटी मिसिसिपीच्या काठावरची उसाची जमीन. उलट्या क्रमाने गेलात तर न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ संगीतानंतर चार्ल्स्टन कोरडं वाटतं आणि मॉन्टगोमेरी अचानक अंगावर येतं.

शार्लटहून चार्ल्स्टनला जाताना कोलंबिया लागतं. साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनाच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर ब्राँझच्या चांदण्या ठोकल्यात. १८६५ मध्ये उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या तोफांचे गोळे जिथे लागले त्या जागा आहेत त्या. अर्ध्या तासाचं काम, पाय मोकळे होतात.

चार्ल्स्टनला तीन रात्री दिल्यात त्या मुद्दाम. गाव १६७० चं. समुद्राकाठची रंगीत घरं, घडीव लोखंडाची फाटकं, वर चर्चचे कळस. पहिल्या संध्याकाळी ईस्ट बे स्ट्रीटवरून बॅटरी या समुद्राकाठच्या फिरायच्या जागेपर्यंत पायी जा आणि नुसतं बघा. जाता जाता जुन्या विटांच्या भिंतींकडे जरा जवळ जाऊन पाहा. काही विटांत बोटांचे ठसे उमटलेत. विटा ओल्या असताना ज्यांनी त्या साच्यातून काढल्या, उचलल्या, त्या गुलामांचे. काही ठसे इतके बारीक असतात की ते मुलाचेच असणार हे सांगायला वाटाड्या लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. सकाळी गॅड्सडेन्स व्हार्फवरचं इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम. २०२३ साली उघडलं. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी जवळपास चाळीस टक्के चार्ल्स्टनच्या बंदरातून आले असा अंदाज आहे, आणि हा धक्का त्यातला मोठा. इमारत खांबांवर उचललेली आहे, जमिनीला टेकतच नाही. खाली उथळ पाण्याखाली फरशीत माणसांच्या आकृत्या आहेत, जहाजाच्या तळात खेटून निजवलेल्या. पाणी चढतं तशा त्या बुडतात आणि ओसरलं की पुन्हा दिसतात. आत जाण्याआधी इथे दहा मिनिटं थांबा. तिकिटं वेळेनुसार मिळतात, आधी काढा.

दुपारी तिथून जवळच्या लिबर्टी स्क्वेअरहून फोर्ट सम्टरची बोट. यादवी युद्धाचा पहिला भडिमार १२ एप्रिल १८६१ ला याच किल्ल्यावर झाला. सकाळी धक्का आणि दुपारी किल्ला, हा क्रम उलटू नका. युद्ध कशावरून पेटलं हे सकाळी बघितलेलं असलं की किल्ल्यावरच्या तोफांचे टप्पे आणि भिंतींच्या जाड्या ऐकताना वेगळं काही ऐकू येतं.

तिसरा दिवस वहिनींचा. मिडलटन प्लेसची बाग १७४१ पासूनची, अमेरिकेतल्या मुद्दाम आखलेल्या बागांत सर्वांत जुनी म्हणतात. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी हिरवळ, तळाशी फुलपाखराच्या पंखांसारखी दोन तळी, पलीकडे ॲशली नदी. अझेलिया असतील तर वहिनींना तिथून हलवणं अवघड जाईल. पण नदीकडच्या भातशेतांकडेही जा. चार्ल्स्टन श्रीमंत झालं ते तांदळावर, आणि भरती-ओहोटीवर भात पिकवण्याचं कसब पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या हातात होतं. भरती आली की समुद्र नदीचं गोडं पाणी मागे रेटतो. ते लाकडी झडपांतून शेतात घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं. या झडपांना तिथे 'ट्रंक' म्हणतात. गोव्याच्या खाजणातली मानस ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही यंत्रणा समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच की खाजणात खारं पाणी बाहेर ठेवायचं असतं आणि इथे गोडं आत घ्यायचं असतं. तो बांध घालणाऱ्याला मजुरी मिळत नव्हती, हा दुसरा फरक.

त्याच दुपारी मॅक्लॉड. प्लांटेशन बघावीत का, याचं उत्तर इथे देते. बघावीत, पण कुठली ते निवडून. काही ठिकाणी अजूनही झुंबरं, रेशमी पडदे आणि मालकिणीचे दागिने एवढंच दाखवतात. "नोकर" असा शब्द वापरून पुढे जातात आणि संध्याकाळी तिथे लग्नं लागतात. जेम्स आयलंडवरचं मॅक्लॉड तसं नाही. प्रवेशाच्या वाटेवर लाकडी खोपट्यांची रांग आहे. वाटाडे आधी तिथे उभे करतात, मोठ्या घराकडे नंतर नेतात. गुलामगिरी संपल्यानंतरही या खोपट्यांत माणसं राहिली, थेट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत. लुइझियानात याच जातीचं दुसरं एक ठिकाण सांगेन. ही दोन पुरेत, तिसरं नको.

चार्ल्स्टनच्या बाजारात गल्ला (इथल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज) समाजाच्या बायका गवताच्या टोपल्या विणत बसलेल्या दिसतील. किंमत ऐकून धक्का बसेल, पण घासाघीस करू नका. एकेका टोपलीमागे कित्येक दिवसांचं काम असतं आणि ही विद्याही आफ्रिकेतूनच आली आहे.

सव्हाना चालण्याचं गाव. १७३३ मध्ये जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक ओगलथॉर्प याने चौकांच्या हिशेबाने आखलं. २४ चौकांपैकी २२ अजून आहेत. बुल स्ट्रीटवर नगरभवनाकडून फोरसिथ पार्कच्या कारंज्यापर्यंत पाच चौक लागतात, दर चौकात बाक आणि ओकची सावली. फांद्यांवरून लोंबणाऱ्या त्या राखाडी जटांना स्पॅनिश मॉस म्हणतात, पण ते शेवाळ नव्हे, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे.

राइट स्क्वेअरमध्ये नीट थांबा. मध्यभागी एका रेल्वेच्या धनिकाचं भलंमोठं स्मारक आहे आणि कोपऱ्यात एक ओबडधोबड ग्रॅनाइटचा धोंडा. या चौकात यामाक्रॉ या मूळनिवासी लोकांचा म्होरक्या तोमोचिची पुरला होता. त्याच्या मदतीशिवाय ओगलथॉर्पची वसाहत टिकली नसती. १७३९ मध्ये त्याला मानाने इथे दफन केलं आणि १८८३ मध्ये त्याच जागेवर रेल्वेवाल्याचं स्मारक उभारलं. कोपऱ्यातला धोंडा नंतर ठेवला, तोही त्याच धनिकाच्या सुनेने पुढाकार घेऊन. जॉर्जियात सुरुवातीला गुलामगिरीला बंदी होती आणि १७५१ मध्ये ती उठली, हेही याच गावात कळतं. ओवेन्स-थॉमस हाउसच्या मागच्या गुलामांच्या खोल्यांत छताला जुना निळा रंग अजून टिकून आहे. भुताखेतांनी आत येऊ नये म्हणून तो देत. बाकी सव्हानात रात्री भुतांच्या फेऱ्यांचा धंदा जोरात आहे. माझं मत विचाराल तर ते पैसे आइस्क्रीमवर घाला.

सव्हाना ते अटलांटा चार तास. वाटेत मेकनला ओकमल्गी माउंड्स. मातीचे ते प्रचंड उंचवटे हजार वर्षांपूर्वी लोकांनी टोपल्यांनी माती वाहून रचलेत. दक्षिणेचा इतिहास गोऱ्यांच्या जहाजांपासून सुरू होत नाही, हे तिथल्या माथ्यावर उभं राहिल्यावर दिसतं. अटलांटात शिरण्याची वेळ शनिवारी दुपारची ठेवली आहे, कारण शुक्रवारी संध्याकाळी शहराच्या पोटातून उत्तरेच्या उपनगरात जायचं म्हणजे शिक्षा.

सोमवारी मित्र कामावर निघाला की त्याला नॉर्थ स्प्रिंग्ज स्टेशनवर सोडायला सांगा. मार्टाची (शहराची मेट्रो) गाडी घ्या, फाइव्ह पॉइंट्सला बदला आणि किंग मेमोरियलला उतरा. पार्किंगची कटकट नाही, गाडी फोडली जाण्याची भीती नाही. ऑबर्न अव्हेन्यूवर मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर, एबनेझर बॅप्टिस्ट चर्च आणि समाधी सगळं चालत बघता येतं. जन्मघर आतून खुलं आहे की नाही ते आधी तपासा, दुरुस्तीसाठी ते बराच काळ बंद होतं. तिथेच बाहेर गांधीजींचा पुतळा आहे. १९५९ साली किंग पत्नीसह भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनातही राहिले होते.

"आपला काय संबंध?" या वहिनींच्या प्रश्नाला मी याच चर्चमध्ये उत्तर देते. भारतात असताना केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी किंग यांची ओळख 'अमेरिकेतला आमचा एक अस्पृश्य बांधव' अशी करून दिली. किंग आधी चपापले, थोडे दुखावलेही, आणि मग विचार करून म्हणाले की हो, मी अस्पृश्यच आहे. १९६५ मध्ये याच चर्चच्या व्यासपीठावरून त्यांनी ही आठवण सांगितली. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यात 'गुलामगिरी' लिहिली ती अर्पण केली होती अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. फोर्ट सम्टर आणि विक्सबर्गच्या बातम्या ज्या पिढीने ताज्या ऐकल्या त्या पिढीतला माणूस होता तो. संबंध त्यांनी तेव्हाच जोडून ठेवलाय.

मंगळवारी अटलांटाहून निघून दोनेक तासांत टस्किगी. अलाबामाची हद्द लागली की घड्याळ एक तास मागे जातं, तो तास इथे खर्च करा. कार्व्हर कोण हे मराठी घरात सांगावं लागत नाही, पण त्यांच्या प्रयोगशाळेतल्या वस्तू आणि त्यांची कबर बघायला टस्किगीला वळणारी माणसं मला फार कमी भेटतात. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये संस्था काढली, १८९६ मध्ये कार्व्हर आले आणि १९४३ मध्ये तिथेच वारले. दोघंही विद्यापीठाच्या आवारात शेजारी शेजारी विसावलेत. संग्रहालयात कार्व्हर यांची हत्यारं, रंग, मातीचे नमुने आहेत. बाटल्या-बरण्यांची जोडाजोड करून चालवलेला संसार तो. शेतकऱ्यांच्या दारात शेतीचं शिक्षण नेणारी जेसप वॅगन १९०६ मध्ये इथूनच सुटली. उघडण्याच्या वेळा कमी-जास्त होतात, आदल्या दिवशी फोन करा.

मॉन्टगोमेरीचा बुधवार हा या प्रवासातला सर्वांत जड दिवस. त्याला अख्खा ठेवा आणि रात्री गाडी चालवायची पाळी येऊ देऊ नका. इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह या न्यायहक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेची तीन ठिकाणं आहेत: लेगसी म्युझियम, नॅशनल मेमोरियल फॉर पीस अँड जस्टिस आणि नदीकाठचं शिल्पोद्यान. तिन्हींचं तिकीट एकच, अगदी स्वस्त, आणि मध्ये त्यांची बस फिरते. सोमवार-मंगळवार बंद असतात, म्हणूनच सगळं वेळापत्रक मी या बुधवारभोवती गुंफलंय. म्युझियममध्ये फोटो काढू देत नाहीत, बरंच आहे ते. काचेच्या बरण्यांची एक भिंत आहे. जिथे जिथे गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीय माणसं मारली तिथली माती त्या बरण्यांत भरून ठेवलीय. लाल, काळी, वाळूसारखी फिकी, आणि प्रत्येकीवर नाव.

मेमोरियल टेकडीवर आहे. गंजल्या रंगाचे आठशेहून अधिक पोलादी खांब, एकेका काउंटीचा एकेक, त्यावर अशा मारल्या गेलेल्यांची नावं आणि तारखा. सुरुवातीला ते तुमच्या उंचीला उभे असतात, नाव वाचायला वाकावं लागत नाही. मग पायाखालची वाट उतरत जाते आणि खांब तिथेच राहतात. थोड्या वेळाने ते डोक्यावर टांगलेले असतात आणि नाव वाचायला मान वर करावी लागते. आपण काय बघतोय हे मानेला आधी कळतं. बाहेर बाक आहेत, बसा. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही, तुम्हीही नाही बोललात तरी चालेल.

गावात राज्याच्या कॅपिटलसमोर ज्या जागी जेफरसन डेव्हिसने फेब्रुवारी १८६१ मध्ये बंडखोर राज्यांचा अध्यक्ष म्हणून शपथ घेतली तिथे पितळी तारा बसवलाय. त्या ताऱ्यावर उभं राहून समोर डावीकडे बघितलं तर लाल विटांचं लहानसं चर्च दिसतं. किंग १९५४ ते १९६० तिथे पाळक होते आणि बसमध्ये गोऱ्या माणसाला जागा न दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांना झालेल्या अटकेनंतरचा ३८१ दिवसांचा बस-बहिष्कार त्यांनी तिथूनच चालवला. दोन्हीमध्ये एका गल्लीचं अंतर आहे. पाट्या वाचायला कंटाळा आला तर निदान एवढं चालून या.

गुरुवारी सेल्मा. एडमंड पेटस पूल गावाच्या बाजूने चालत ओलांडा, गाडीतून नको. पूल मधोमध उंच आहे, त्यामुळे चढताना पलीकडचं काही दिसत नाही. ७ मार्च १९६५ ला जे लोक मताधिकारासाठी निघाले त्यांनाही दिसत नव्हतं. माथ्यावर आल्यावर खाली रांगेत उभे पोलीस दिसले आणि तरी ते उतरले. त्याच वर्षी ६ ऑगस्टला मताधिकाराचा कायदा झाला. पुलाला ज्याचं नाव आहे तो बंडखोर सैन्याचा अधिकारी होता आणि कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅनचा पुढारी, नाव अजून तेच आहे. सेल्मा गरीब गाव आहे, जानेवारी २०२३ च्या टोर्नेडोने आणखी मोडलं. लोक पुलावर सेल्फी काढून पुढे निघून जातात. तुम्ही तिथे जेवा, चार डॉलर तिथे खर्च करा.

मग युद्धाचा नाद असलेल्यांसाठी विक्सबर्ग. उत्तरेच्या सैन्याचा वेढा ४७ दिवसांचा, शरणागती ४ जुलै १८६३. सोळा मैलांचा फेरा गाडीनेच होतो. इलिनॉय स्मारकाला ४७ पायऱ्या आहेत, दिवसाला एक. सुरुंगाने बुडालेली आणि शंभर वर्षांनी नदीतून वर काढलेली कैरो ही लोखंडी पत्र्यांनी मढवलेली गनबोटही तिथेच ठेवलीय. तिथून पोर्ट गिब्सनपर्यंत येऊन नॅचेझ ट्रेस पार्कवे धरा. ट्रक नाहीत, फलक नाहीत, वेगमर्यादा ५० मैल. पेट्रोल पंपही नाहीत, टाकी आधी भरा. नॅचेझमध्ये वसंतात खासगी हवेल्या उघडतात, त्या दिवसांत खोल्या आधीपासून भरलेल्या असतात. लाँगवूड चुकवू नका. आठ कोनांचा प्रासाद, १८६१ मध्ये युद्ध सुरू होताच उत्तरेकडचे कारागीर हत्यारं टाकून निघून गेले आणि वरचे मजले तसेच उघडे राहिले. मालकाचं कुटुंब तळघरात राहिलं. आणि गावाच्या कडेला फोर्क्स ऑफ द रोड, गुलामांचा बाजार. बघायला फारसं काही नाही: मोकळी जागा, फलक आणि सिमेंटमध्ये रुतवलेल्या बेड्या.

बॅटन रूजहून न्यू ऑर्लिन्सला सरळ महामार्गाने जाऊ नका, नदीकाठच्या रस्त्याने जा. व्हिटनी प्लांटेशन हे मी म्हटलेलं दुसरं ठिकाण. २०१४ पासून खुलं आहे आणि पूर्णपणे गुलामांच्या बाजूने सांगितलेलं आहे. वहिनींना झाडं हवी असतील तर ओक ॲली जवळच आहे, २८ ओकची दुतर्फा कमान. मळ्यांच्या मध्ये मध्ये रसायनांचे कारखाने धूर सोडताना दिसतील, तेही आजच्या दक्षिणेतलंच. न्यू ऑर्लिन्सला पोहोचल्याबरोबर गाडी परत करा. तिथे ट्राम आणि पाय पुरतात. काँगो स्क्वेअर, सेंट चार्ल्सची ट्राम, प्रिझर्व्हेशन हॉलमध्ये जॅझची एक बैठक आणि पिठीसाखरेने माखलेले बेन्ये (तळलेल्या पिठाचे चौकोनी तुकडे). बाकी मित्र सांगतीलच.

खाण्याचं नीट लक्षात ठेवा. दक्षिणेत 'भाजी' म्हणून ताटात येणाऱ्या पालेभाजीत, घेवड्यात, कधी कधी भातातही डुकराचं मांस किंवा त्याचा रस्सा असतो आणि वाढणाऱ्या बाईला तो मांसाहार वाटतच नाही. "शाकाहारी आहे का?" असं विचारू नका, "यात हॅम, बेकन किंवा चिकनचा स्टॉक आहे का?" असं विचारा. तळलेली भेंडी, चीज घातलेले ग्रिट्स (मक्याच्या शिजवलेल्या कण्या), हिरव्या टोमॅटोचे काप, मकरोनी-चीज यांवर दिवस निघतो. रस्त्याकडेला उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा दिसल्या की थांबा. खोलीत मायक्रोवेव्ह असेल असं हॉटेल घ्या. आणि निघताना तुमच्या एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या दुकानांतून चिवडा, बाकरवडी जास्तीची घ्या, कारण बॅटन रूजच्या मित्राला तुमच्यापेक्षा बाकरवडीचीच जास्त ओढ असेल.

त्रास होतो का? माझ्यासोबत आलेल्यांना गप्पांचा जास्त झाला आहे. पेट्रोल भरताना, रांगेत, हॉटेलात लोक थांबून बोलतात, कुठून आलात विचारतात. गावातल्या मोटेलचे मालक बऱ्याचदा गुजराती निघतात आणि चहा पाजतात. अंगणांत बंडखोरांचे झेंडेही दिसतील. तिथे थांबून वाद घालू नका आणि फोटोही काढू नका. लहान गावांत वेगमर्यादा अचानक ५५ वरून ३५ होते आणि पोलीस तिथेच उभा असतो. आडरस्त्यावर अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा, माणसांच्या भीतीने नव्हे, हरणांच्या. अटलांटा आणि न्यू ऑर्लिन्समध्ये गाडीत दिसेल असं काहीही ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा. गाडीच्या डिकीत सामान ठेवायचं असेल तर पार्किंगमध्ये शिरण्याआधी ठेवा, तिथे उभं राहून नव्हे.

आरक्षणं करताना आधी मॉन्टगोमेरीच्या दोन रात्री आणि नॅचेझची एक रात्र पक्की करा, मग मित्रांना फोन करून त्यांचे शनिवार-रविवार अडवा. इस्टर मध्ये येत असेल तर त्या रविवारी बरंच काही बंद असतं, तो अटलांटाच्या किंवा बॅटन रूजच्या मित्राच्या वाट्याला द्या. चार्ल्स्टनची खोली त्यानंतर मिळाली नाही तर नदीपलीकडे माउंट प्लेझंटला बघा, पूल ओलांडला की गाव.